पट्टी मारायची घाई

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी ऑरिन स्टॅम्बॉनं एक कागद लॅमिनेट करून घेतला, आणि पुढं जे झालं त्याला तो कागदच जबाबदार आहे. साध्या कागदावरची मतं निरुपद्रवी असतात. त्यांच्यावर कॉफी सांडते, ती खिशात चुरगळतात, एखाद्या दिवशी पँटसोबत धुतली जातात आणि माणूस वाचतो. लॅमिनेट केलेलं मत मात्र फडक्यानं पुसून पुन्हा वापरता येतं.

कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सामना वेळेत संपवण्याचे चौदा नियम'. (पंधरावा नियम होता, पण तो कागदावर मावला नाही.)

ऑरिन आठवडाभर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागं उभा असे. तिथं त्याला कुणी काही विचारत नसे, भागाचा नंबर सोडून. पण महिन्याच्या चौथ्या शनिवारी तो वॉलनट फोर्क रायफल अँड पिस्तूल क्लबचा सामना-प्रमुख असे, आणि त्या दिवशी सेहेचाळीस माणसं त्याच्या शब्दावर पळत. अक्षरशः पळत, कारण हा खेळच पळण्याचा. मातीच्या उंच बांधांमध्ये पाच खण पाडलेले. प्रत्येक खणात लाकडी आडोसे, पुठ्ठ्याची लक्ष्यं आणि उभ्या केलेल्या लोखंडी ताटल्या. पंचाचा टायमर वाजला की नेमबाज पळत पळत सगळ्यांवर गोळ्या झाडतो, वीस सेकंदांत त्याचं काम आटोपतं. मग लेखनिक एकेका पुठ्ठ्यापाशी जाऊन भोकं मोजतो, बाकीचे त्या भोकांवर तपकिरी चिकटपट्टीचे चौकोन मारतात, पडलेल्या ताटल्या उभ्या करतात, आणि पुढच्याची पाळी येते. वीस सेकंदांचा खेळ आणि आठ मिनिटांची आवराआवर. त्यात कुणाची टोपी राहिली, कुणाचे चष्मे राहिले, कुणी आपली गोळी पुठ्ठ्यावरच्या गुणांच्या रेषेला लागली की नाही यावर लेखनिकाशी वाद घालतोय. सकाळी नऊला सुरू झालेला सामना एकला संपायचा असे आणि चार वाजता संपत असे.

आता चार वाजले म्हणून बाकीच्यांचं काही बिघडत नसे. बिघडायचं ते ऑरिनचं, कारण त्याची बायको नॅडीन ही गावातली सगळ्यात वक्तशीर बाई होती. शाळेच्या स्वयंपाकघराची ती मुख्य. एकतीस वर्षं ती रोज चारशे वीस मुलांना पन्नास मिनिटांत जेवू घालत होती, आणि त्यात खिम्याचा मीटलोफ भाजायचा दिवस आला तरी मिनिट पुढंमागं होत नसे. घरात मात्र तिच्या वाट्याला ऑरिन आला होता. मुलाच्या, रॉजरच्या पदवीदानाला तो पोचला तेव्हा रॉजर झगा परत करून आला होता. नॅडीननं शेजारच्या खुर्चीवर आपली पर्स ठेवून ती खुर्ची त्याच्यासाठी शेवटपर्यंत अडवली होती. तो आल्यावर तिनं ती पर्स उचलली.

त्यानंतर मात्र ऑरिनचं नशीब फिरलं. भाच्याच्या लग्नाला तो चाळीस मिनिटं उशिरा गेला तर करवल्या अजून फुलं हातात घेत होत्या. मेहुणीच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पन्नास मिनिटं उशीर, तरी सूपसुद्धा यायचं होतं. फक्त नॅडीनच्या पन्नाशीला केक कापून झाला होता, पण त्या दिवशी दीड तास उशीर होता आणि पाऊसही होता. अकरा वर्षांच्या अशा अनुभवावरून ऑरिननं एक सिद्धांतच बांधला होता, की या गावात कुठलीच गोष्ट वेळेवर सुरू होत नाही आणि माणसानं उगीच धावपळ करू नये. हा सिद्धांत तो दुकानात येणाऱ्यांना सांगायचा. नॅडीनलाही सांगायचा. ती ऐकून घ्यायची.

आता नॅडीन निवृत्त होत होती. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी तिनं अंडी उलटता उलटता सांगितलं, "शाळेत माझा निरोप-समारंभ ठेवलाय. सव्वीस मे, शनिवार, दुपारी तीन. तुला दोन शब्द बोलायचेत."

ऑरिननं मनातल्या मनात शनिवार मोजले. चौथा निघाला.

"मला माहीत आहे चौथा आहे," नॅडीन म्हणाली. "हॉल त्याच दिवशी मोकळा आहे."

"मी येणार. एकला सामना संपवतो आणि येतो."

"बरं."

"खरंच सांगतो, नॅडीन."

तिनं गॅस बंद केला आणि त्याच्याकडं वळली. "हे बघ ऑरिन, या वेळी उशीर झाला तर मी रागावणार नाही. फक्त यापुढं मी तुझ्यासाठी खुर्ची अडवणार नाही. त्या खुर्चीकडं बघत बसायचा मला कंटाळा आलाय."

हे ती भांडणाच्या सुरात म्हणाली असती तर ऑरिननं भांडून घेतलं असतं. पण ती अगदी शांत होती, आणि त्यानं त्याला खरी भीती वाटली. त्या भीतीतून चौदा नियम जन्माला आले.

नियम करणारा माणूस ते आधी फ्रिजवर लावतो आणि घरात करून बघतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी नॅडीन जेवता जेवता पाणी प्यायला थांबली, काटा खाली ठेवला, आणि ग्लास तोंडाला लावते तोवर तिच्या पुढची ताटली नाहीशी झाली. ऑरिन ती सिंकपाशी खरवडत होता.

"माझं संपलं नव्हतं," नॅडीन म्हणाली.

"काटा खाली ठेवलास."

"पाणी प्यायला."

"नियम नऊ. आवरणाऱ्यानं वाट बघत उभं राहू नये."

"त्यात अर्धं कॉबलर होतं, ऑरिन. पीचचं."

ऑरिननं सिंकमध्ये पाहिलं. पीच आणि त्यावरचा भाजलेला गोड थर, दोन्ही वाहून चाललं होतं. "असं झालं तर आमच्याकडे नियम आहे," तो जरा ओशाळून म्हणाला. "भोकं मोजायच्या आधी कुणी पट्टी मारली तर किती लागल्या ते कळायला मार्ग नाही. मग तो माणूस सगळं पहिल्यापासून पुन्हा खेळतो."

"म्हणजे मला पहिल्यापासून पुन्हा कॉबलर."

"नियमाप्रमाणं, हो."

नॅडीननं नियमाप्रमाणं अख्खा वाडगा भरून घेतला. खाता खाता म्हणाली, "आमच्याकडे भराभर काम करायला सगळ्याच बायका तयार असतात. पण पळी एकीच्या हातात असते. ती 'हं' म्हणत नाही तोवर बाकीच्यांनी हात लावायचा नाही. घाई करणाऱ्या चार बायका म्हणजे दुप्पट वेळ."

"ते उकडलेल्या बटाट्यांचं झालं," ऑरिन म्हणाला. "इथं पिस्तुलं असतात."

"असतील," नॅडीन म्हणाली आणि वाडगा निपटला.

सव्वीस तारखेला ऑरिन पहाटेच क्लबवर गेला. पुठ्ठे ठोकले, आडोसे उभे केले, नऊच्या ठोक्याला एका उलट्या बादलीवर चढून चौदाच्या चौदा नियम वाचून दाखवले. पाचही खण पाळीपाळीनं खेळायला पाच तुकड्या पाडल्या आणि प्रत्येकीत कुणी काय करायचं ते ठरवून दिलं. पुढच्यानं आधीच्याचं चालू असतानाच तयार राहायचं. टोपीसाठी कुणी परत जायचं नाही. रेषेवरून वाद घालायचा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गावचे लोक सांगितलेलं काम मनापासून करणारे आहेत, आणि त्यातच घोडं अडलं.

तिसऱ्या खणात पट्टी मारण्याचं काम ड्युएन केसिंजरकडं होतं. ड्युएन पशुखाद्याचा ट्रक चालवतो. माणूस सव्वाशे किलोचा, मनानं लोण्यासारखा, आणि आयुष्यात कुणी त्याला 'जरा लवकर' असं म्हटलेलं नाही, कारण त्याचा काही उपयोग झाला नसता. त्या दिवशी बादलीवरून ऑरिननं नियम नऊ वाचला तेव्हा तो थेट ड्युएनकडं बघत होता. ड्युएननं ते मनाला लावून घेतलं. (डोळ्यांत पाणी आलं होतं असं नंतर काही जणांनी सांगितलं. ते धुळीनंही असेल.)

पहिला नेमबाज होता गावचा दातांचा डॉक्टर प्रूएट. टायमर वाजला, डॉक्टर पळाला, चोवीस गोळ्या झाडल्या, पिस्तूल रिकामं करून दाखवलं, पंचानं खण मोकळा झाल्याचं सांगितलं. लेखनिक व्हर्नन टीग डावीकडून भोकं मोजत निघाला. व्हर्नन चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि प्रत्येक पुठ्ठ्यापुढं चर्चमध्ये उभा राहिल्यासारखा उभा राहतो. ड्युएनला वाट बघत उभं राहायचं नव्हतं. म्हणून तो उजवीकडून निघाला.

पाचव्या पुठ्ठ्यापाशी दोघांची गाठ पडली.

"डॉक्टर," व्हर्नन चष्मा वर करून म्हणाला, "इथं तर एकही नाही."

"दोन लागल्यात. मी पाहिल्या."

"पुढच्यावरही नाही. त्याच्या पुढच्यावरही. उरलेल्या आकाशात गेल्या म्हणायच्या का?"

डॉक्टरनं ड्युएनकडं पाहिलं. ड्युएनच्या हातात पट्ट्यांचा गुंडाळा होता आणि चेहऱ्यावर समाधान होतं. "माझ्या बाजूचं सगळं झालंय," तो म्हणाला.

डॉक्टरला पहिल्यापासून पुन्हा खेळावं लागलं. दुसऱ्या वेळी ड्युएनला सगळ्यांनी समजावून सांगितलं की डावीकडून यायचं, व्हर्ननच्या मागून. तो मागून आला. पण ड्युएन मागून येतो तेव्हा माणसाला पुढं सरकावंच लागतं. व्हर्नन सरकला, दोन पुठ्ठे न मोजताच सरकला, आणि डॉक्टर तिसऱ्यांदा खेळला.

हे एकट्या तिसऱ्या खणात झालं असतं तर निभावलं असतं. पण पाचही खणांत मनापासून काम करणारी माणसं होती. कुणीच वाट बघत उभं राहीना. पहिल्या खणात तर गोळ्यांचा धूर विरायच्या आत सहा जण सहा बाजूंनी पट्ट्या घेऊन धावत, आणि लेखनिक बाई मधोमध उभी राहून विचारत, "कुणी काही पाहिलं का?" साडेदहापर्यंत अकरा जणांनी पुन्हा खेळून झालं. त्यानंतर एक नवीनच प्रकार सुरू झाला. ज्याचं वाईट गेलं त्याला पट्टी मारणाऱ्यांविषयी फार प्रेम वाटायला लागलं. "ये ना रे, जरा मदत कर," असं म्हणून लोक ड्युएनच्या खांद्यावर हात ठेवू लागले. शेजारच्या खणातून त्याला बोलावणी यायला लागली. ड्युएनला आपण इतके लोकप्रिय आहोत हे माहीत नव्हतं, आणि तो खरोखर सुखावला होता.

बारा पंचवीसला प्रत्येक तुकडीचे पाचपैकी दोनच खण खेळून झाले होते. ऑरिननं आपल्या पिकअपच्या बॉनेटवर हिशेब मांडून पाहिला. नियम नसताना सामना चारला संपायचा. नियमांसकट तो साडेपाचला संपणार होता.

तो गाडीत जाऊन बसला. शेजारच्या सीटवर इस्त्रीचा शर्ट हँगरला लावून ठेवला होता आणि शर्टाच्या खिशात भाषणाची चार पानं होती. ती त्यानं तीन आठवडे लिहिली होती. त्याला ती खुर्ची दिसायला लागली, पुढच्या रांगेतली, पर्स नसलेली. आपण इतकी वर्षं बायकोला नुसतं एका खुर्चीशेजारी बसवून ठेवलं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला फार वाईट वाटलं. लॅमिनेट केलेला कागद त्याच्या मांडीवर होता. उन्हात तो इतका चमकत होता की वाचता येत नव्हता.

मग त्याला बटाट्यांची पळी आठवली.

तो उतरला आणि खणाखणात जाऊन लोकांच्या हातातले, खिशातले, कमरेला लटकवलेले पट्ट्यांचे सगळे गुंडाळे काढून घेतले. प्रत्येक तुकडीच्या लेखनिकाच्या हातात ते दिले. म्हणाला, "पट्ट्या तुझ्याकडं. तू मोजलंस की तू 'हं' म्हणायचं आणि मागच्याला पट्टी द्यायची. 'हं' म्हणेपर्यंत कुणी पुठ्ठ्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही."

"आणि नियम नऊ?" ड्युएननं विचारलं.

"तो गेला."

"मग मी काय करू?"

"वाट बघत उभा राहा, ड्युएन."

ड्युएनला हे अधिक चांगलं जमलं. व्हर्नन पुठ्ठ्यापुढं उभा राही, मोजे, 'हं' म्हणे, आणि मागं धरलेला ड्युएनचा पसरट हात पट्टी घेई. एकाही माणसाला पुन्हा खेळावं लागलं नाही. आठ मिनिटांची आवराआवर साडेतीन मिनिटांवर आली. उरलेले तिन्ही खण असे सरसर संपले की माणसांना सँडविच खायला वेळ मिळेना. बटाट्यांच्या शास्त्रात इतकी ताकद असते हे ऑरिनला त्या दिवशी कळलं, आणि ते शिकवणारी बाई एकतीस वर्षं आपल्याच स्वयंपाकघरात होती, हेही.

अडीच वाजून गेले आणि सगळे आटोपले. एकाचंच राहिलं, पाचव्या खणात. ते ऑरिनचं. दिवसभर इकडंतिकडं धावण्यात त्याची पाळी मागं मागं पडत गेली होती.

"चल, तयार हो," व्हर्नन म्हणाला. "चार मिनिटांचं काम. आणि ऐक, आतापर्यंतच्या चार खणांत तू तिसरा आहेस. सेहेचाळिसांत तिसरा."

ऑरिन आयुष्यात कधी बाविसाव्याच्या वर गेला नव्हता. त्यानं घड्याळ पाहिलं. दोन अडतीस. शाळा वीस मिनिटांवर. गावात काही वेळेवर सुरू होत नाही, हा आपला सिद्धांत त्याला आठवला. तो सिद्धांत खांद्याशी येऊन उभा राहिला आणि अतिशय समजुतीनं बोलू लागला.

"शून्य लिही," ऑरिन म्हणाला.

"काय?"

"पाचव्या खणात मला शून्य लिही. निकाल तू लाव. मी चाललो."

"अरे, चार मिनिटं..."

पण ऑरिन गाडीपर्यंत पोचला होता. शर्ट त्यानं पहिल्या सिग्नलला बदलला. तीनला तीन मिनिटं कमी असताना तो शाळेच्या हॉलचं दार ढकलून आत शिरला, गुंड्या एक सोडून एक लावलेल्या, कानामागं काळं तेल आणि खिशात चुकून राहिलेला पट्ट्यांचा एक गुंडाळा.

हॉलमध्ये कुणी नव्हतं. निम्म्या खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. निळ्या पोशाखावर एप्रन बांधून नॅडीन एकटीच बाकीच्या मांडत होती. दाराचा आवाज ऐकून तिनं मान वर केली. आधी त्याच्याकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं, मग पुन्हा त्याच्याकडं.

"तू आलास," ती म्हणाली.

"तीनला."

"हो. तीनला." हातातली खुर्ची तिनं हळूच खाली टेकवली.

"लोक कुठं आहेत?"

"समारंभ चारला आहे, ऑरिन."

"तू तीन म्हणालीस."

"तुला म्हणाले."

ऑरिन उभ्याचा खाली बसला, एका खुर्चीवर. कुठल्यातरी जुन्या यंत्राचे दाते हळूहळू फिरावेत तसं त्याच्या डोक्यात काहीतरी फिरायला लागलं. "भाच्याचं लग्न अकराला होतं," तो म्हणाला.

"बाराला होतं."

"आणि तुझ्या बहिणीकडचं जेवण."

"तेही. रॉजरच्या पदवीदानानंतर मी तुला खरी वेळ सांगितली नाही. मी दुसऱ्या कुणाशी खोटं बोलत नाही. फक्त तुझ्याशी, आणि तेही घड्याळापुरतं."

अकरा वर्षं ज्या नशिबाचं त्यानं गावभर कौतुक केलं, ते हे असं एप्रन बांधून त्याच्यासमोर उभं होतं. ऑरिनला लाज वाटली. नुसती मान खाली घालण्याइतकी नव्हे, तर उठून बाहेर जावं इतकी. पण बाहेर जाण्यासाठी तो आला नव्हता. "खुर्च्या कशा मांडायच्यात?" त्यानं विचारलं.

"दहाच्या रांगा. मधे वाट सोड." नॅडीननं एप्रनच्या टोकानं डोळे टिपले, म्हणाली, "मी कॉफीचं बघते," आणि आत गेली.

खुर्च्या मांडून झाल्यावर ऑरिनला दाराजवळच्या टेबलावर छापील कार्यक्रमपत्रिकांची चळत दिसली. नव्वद होत्या. त्यानं एक उचलली. मुलांचं गाणं, मुख्याध्यापिका मिसेस हॉल्कम यांचं मनोगत, मानपत्र, आणि त्याच्या खाली 'पतीचे दोन शब्द (आल्यास)'. मग पीच कॉबलर.

कंसातला तो शब्द त्यानं पुन्हा एकदा वाचला. पेन शोधलं, मिळालं नाही. मग खिशात हात घातला आणि गुंडाळा लागला. मोजायला कुणी नव्हतं, 'हं' म्हणायलाही कुणी नव्हतं. ऑरिननं नव्वद पत्रिका टेबलावर पसरल्या आणि एकेका 'आल्यास'वर एकेक तपकिरी पट्टी मारत सुटला. अकरा मिनिटांत काम संपवलं. इतक्या वेगानं पट्टी त्या दिवशी ड्युएननंही मारली नव्हती.

चारला हॉल भरला. गावातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी नॅडीनच्या हातचं खाल्लेलं. शेवटच्या रांगेत व्हर्नन, ड्युएन आणि डॉक्टर प्रूएट येऊन बसले, अंगावर अजून क्लबची धूळ. पुढच्या रांगेत नॅडीनच्या शेजारच्या खुर्चीवर पर्स होती. ती तिनं उचलली आणि ऑरिन तिथं बसला. मुलांनी गाणं म्हटलं. मिसेस हॉल्कम बोलल्या. मानपत्र झालं. ऑरिननं चार पानं काढून मांडीवर सरळ केली.

मिसेस हॉल्कमनी पत्रिका वर धरली. चष्मा सारखा केला. आता चिकटपट्टीचा चौकोन इंचभर रुंद असतो आणि पत्रिकेवरची अक्षरं मुंगीएवढी होती, हे ऑरिनच्या लक्षात यायला हवं होतं. पट्टीखाली 'आल्यास' तर गेलंच होतं, 'पतीचे दोन शब्द'ही गेले होते. तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला कागदावर काही चिकटलेलं दिसलं तर ती चौकशी करत नाही. "आणि आता," त्या म्हणाल्या, "पीच कॉबलर."

खुर्च्या सरकल्या. लोक उठले. अर्धवट उठलेला ऑरिन पानं हातात धरून तसाच पुन्हा बसला. पट्टी त्यानंच मारली होती.

नॅडीननं शेजारच्या माणसाची पत्रिका घेतली, ती उजेडाकडं धरली आणि नखानं पट्टीचा कोपरा उचलून पाहिला. मग ती उठून मंचावर गेली.

"बसा," ती म्हणाली. "ताटल्या खाली."

साठ-सत्तर माणसं जिथल्या तिथं बसली. त्यात गावचा मेयर होता.

"इथं मोजायच्या आधीच पट्टी मारली गेलीय," नॅडीन म्हणाली. "अशा वेळी त्या माणसाला पहिल्यापासून पुन्हा संधी मिळते. नियम आहे, व्हर्ननला विचारा."

"आहे," व्हर्नन मागून गंभीरपणे म्हणाला.

ऑरिन उभा राहिला. चार पानांतलं पहिलं वाक्य फार चांगलं होतं, ते त्याला दिसतही होतं, पण नॅडीन मंचावरून त्याच्याकडं बघत होती, आणि त्यानं पानं घडी करून खिशात घातली. "नॅडीन," तो म्हणाला, "मी आलोय. पुढच्या वेळी खरी वेळ सांग." आणि खाली बसला.

मागून व्हर्ननचा आवाज आला. हातात टायमर असलेला माणूस जसा बोलतो तसा. "सहा पूर्णांक चाळीस सेकंद. ऑरिन, आज पाचव्या खणात न खेळता निघून आलास, तिथं शून्य लिहिलंय मी. ते खोडून हे लिहू का?"

नॅडीननं आधी व्हर्ननकडं, मग ऑरिनकडं पाहिलं. शून्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"खोडू नकोस," ती म्हणाली. "असू दे. ते मला हवंय."

तो निकाल तिनं सोमवारी जाऊन व्हर्ननकडून मागून आणला आणि लॅमिनेट करून फ्रिजवर लावला. चौदा नियम होते तिथंच. घरी येणारा-जाणारा फ्रिजमधलं दूध घेता घेता तो वाचतो. ऑरिन स्टॅम्बॉ, पाचवा खण शून्य, एकूण क्रमांक एकेचाळीस. दोन जागा वर ड्युएन केसिंजर. लोक ऑरिनकडं वळून विचारतात की झालं तरी काय होतं, नेम इतका कसा गेला. ऑरिन नॅडीनकडं बघतो. नॅडीन फक्त कागद फडक्यानं पुसते.